मुकादमाचं काय घेणार?

आमच्या घरात दोघांशी वाद घालून उपयोग नसायचा. एक माझ्या सासूबाई अनसाबाई, आणि दुसरा मुकादम. मुकादम म्हणजे आमचा कोंबडा.

अंगानं तांबडा, गळ्याला पिवळी झालर, शेपटीत काळी-हिरवी पिसं. ऊसतोडीच्या टोळीवरचा मुकादम फडात कसा फिरतो, तसा हा आमच्या खळ्यात फिरायचा. बायका कांदा काटायला बसल्या की ढिगावर चढून उभा राहायचा आणि कुणाचा हात थांबला की ओरडायचा. नाव त्यावरूनच पडलं. ओरडण्याबद्दल माझी तक्रार नव्हती, तक्रार टोचण्याबद्दल होती. पँटवाला माणूस दिसला की हा बिनआवाजी मागून जायचा आणि पोटरीला चोच मारायचा. पोस्टमन आमची पत्रं बांधावरूनच फेकायचा. आमचे मालक हनुमंत रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे, त्यांच्या बुटाला पॉलिश असलं की मुकादमाला जास्तच जोर यायचा. माझ्याही टाचेवर दोन खुणा आहेत, विचारलंत तर दाखवीन.

आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, मात्र तो कधी टोचला नाही. कसा टोचेल? त्याला त्यांनीच जन्माला घातला होता म्हणा ना. खुडूक कोंबडी मुंगसानं नेली, अंडी फुटली, एकच राहिलं. ते आत्यांनी चिंधीत गुंडाळून चुलीमागच्या भुशात ठेवलं आणि दिवसातून दहादा उलटंपालटं केलं. चौथ्या दिवशी आतून टकटक ऐकू आली, तेव्हा साठीच्या आत्या अंगणभर नाचल्या. पुढं तो त्यांच्या मांडीवर बसून ज्वारी खायचा आणि त्या त्याला घरातलं सगळं सांगायच्या. माझ्याबद्दलही सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

दोन हजार दोन साली मालकांनी शिरूरला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. कंपनीची बस तिथं दारात येत होती आणि आमच्या मोनिकाला आठवीला तिथली शाळा बरी पडणार होती. न्हावऱ्याचं शेत भिमाजीला खंडानं दिलं. आखाडात घर बदलत नाहीत, म्हणून श्रावणातल्या पहिल्या सोमवारी निघायचं ठरलं. भिमाजीनं व्यवहार ठरतानाच सांगून टाकलं होतं, "शेत घेतो, इहीर घेतो, कोंबडा नगं." त्याची पोटरी दोनदा फुटली होती.

"आन् मुकादमाचं काय?" आत्यांनी जेवताना विचारलं.

"रविवारी रस्सा," मालक म्हणाले.

आत्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "हन्मा, तुझा जिना तुला लखलाभ. त्याला चांगलं घर मिळाल्याबिगर मी काय ती माडी चढायची न्हाई."

नंतर भांडी घासताना त्या मला हळूच म्हणाल्या, "सुषमे, हितं दारात दिसातनं धा माणसं येत्यात. कुणी इळा मागाया, कुणी पाणी प्याया. तिथं माडीवर माझ्याकडं कोण येणार गं? आन् मी तरी कुणाच्या दारात जाऊ, काय निमित्त सांगू?" खरं दुखणं हे होतं. पण त्याला औषध माझ्याकडं नव्हतं. कोंबड्याला घर शोधणं तेवढं हातात होतं, म्हणून मी पदर खोचला.

माझे सासरे आबा या सगळ्यावर काय म्हणाले? "बघू." आबांनी उमेदीत शंभर मेंढरं घेऊन दरसाल कोकण गाठलेलं. मेंढरं विकून शेतात स्थिर झाल्यापासून त्यांनी बोलणंही विकलं होतं. तंबाखू मळायची आणि "बघू" म्हणायचं, एवढाच त्यांचा कारभार.

आता अडचण नीट समजून घ्या. महिना आखाडाचा. श्रावण लागायच्या आत जो तो कोंबड्याच्या शोधात. आम्हीही काही माळकरी नव्हे, रस्सा आम्हालाही कळतो. फक्त मुकादमाचा नको होता. अशा दिवसांत कोंबडा फुकट देतो म्हणणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं. श्रावणात दिला तरी तेच, गणपती उठेपर्यंत लाडानं पोसतील आणि मग सुरी. बाजारभावानं, म्हणजे सव्वाशेला, द्यावा तर घेणाऱ्यानं रस्त्यानंच पिसं काढायला सुरुवात केली असती. आणि आत्या म्हणायच्या, "लेकराचं पैसं घेत्यात व्हय कुठं?"

मालकांना मात्र फुकट देऊन मोकळं व्हायचं होतं. त्यांनी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर तसं बोलूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हौसराव आले. गावातल्या सोसायटीचे चेअरमन, एरवी कडक इस्त्रीच्या पँटीत असायचे, पण मुकादमाची कीर्ती ऐकून त्या दिवशी धोतर नेसून आले होते. धोतरात पोटरी उघडीच राहते, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"अनसाक्का, मुक्या जिवाला आसरा देणं हे मोठं पुण्य असतंय बगा," असं म्हणत त्यांनी वाकून मुकादमाच्या छातीखाली हात घातला आणि त्याला जरा उचलून पाहिलं. वजन बघत होते.

"ठेवणार कुठं?" आत्यांनी विचारलं.

"घरातच की."

"आन् खायाला?"

"बाजरीची भाकरी," हौसराव चटकन म्हणाले आणि आवंढा गिळला.

तेवढ्यात त्यांच्या काखेतल्या पिशवीतून कोथिंबीर लोंबताना मुकादमाला दिसली. त्यानं उडी मारून ती ओढली आणि पिशवी अंगणात पालथी झाली. कोथिंबिरीची जुडी, आलं, लसूण, सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या आणि मसाल्याची पुडी.

आत्यांनी एक वाटी उचलून पदरानं पुसली आणि हौसरावांच्या हातात दिली. "चेअरमन, पुण्याला एवढं खोबरं लागतं व्हय?"

हौसराव बांधापर्यंत पळत गेले. मुकादम त्यांना तिथपर्यंत पोचवून आला. मी उंबऱ्यावर बसून इतकी हसले की कुशीत कळ आली.

पण त्या आठवड्यात असे पाचजण आले. सगळ्यांच्या तोंडी भूतदया आणि सगळ्यांचा हात छातीखाली. मग मी डोकं चालवलं. म्हटलं, किंमत अशी लावायची की खाणाऱ्याला परवडूच नये. सव्वाशेचा कोंबडा तीनशेला. जो तीनशे देईल तो हौसेनं पाळणाराच असणार. तीनशे रुपये देऊन कोण कापेल? मोनिकाकडून पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, 'चांगल्या घरी कोंबडा देणे आहे. किंमत तीनशे. कापणाऱ्याने येऊ नये.' पुठ्ठा टपरीवर टांगला.

आत्यांना हे पटलं नव्हतं. पण दोन दिवस कुणी फिरकलं नाही, तशा त्याही गप्प बसल्या. गाव हसत होतं. तीनशेत करडू येतं म्हणे. मी म्हटलं हसा, आमचा कोंबडा तर जिवंत आहे.

तिसऱ्या दिवशी आत्या आणि आबा बाजाराला गेलेले असताना एक एम-एटी दारात थांबली. माणूस चाळिशीचा, गोल गरगरीत, गेणबा नावाचा. पुठ्ठा वाचून आलो म्हणाला. मुकादमाकडं त्यानं लांबूनच बघितलं, छातीखाली हात घातला नाही, घासाघीस केली नाही. शंभराच्या तीन नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या.

मला तो देवमाणूसच वाटला. तरी विचारलं, "नीट सांभाळाल ना?"

"वैनी, आमच्याकडं आलेला कोंबडा एक दिवससुद्धा उपाशी ऱ्हात न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मीच ज्वारी टाकून मुकादमाला पाटीखाली कोंडला, गेणबानं पाटी उलटी करून वर फडकं बांधलं. गाडीला दोरी आवळणं चाललं होतं तोच आत्या आल्या.

"पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

"यवतचा, मावशी. हायवेला ढाबा हाय आपला."

गेणबाच पुढं बोलला, कारण माणूस खरंच सरळ होता. "खोटं कशाला बोलू? धा ताटं निघत्यात. आखाडात गावरान मिळंना झालाय, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून परत चाललंय. तीनशे जड न्हाईत मला."

खाणाऱ्याला तीनशे परवडत नाहीत, इथवर माझं डोकं बरोबर चाललं होतं. खाऊ घालून पैसे करणारा माणूस माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी नोटा त्याच्या खिशात कोंबल्या आणि दोरी सोडायला धावले. गाठ सुटायच्या आधी मुकादमानंच फडकं फाडलं. गेणबा गाडीवर बसून किक मारायला लागला, पण एम-एटी काही सुरू होईना. तीन किका झाल्या आणि तीन चोची झाल्या. शेवटी तो गाडी हातानं ढकलत पळाला आणि लांबून ओरडला, "पेट्रोलचं तरी द्या की वं!"

या खेपेला कुणी हसलं नाही. आत्यांनी मुकादमाला मांडीवर घेतलं, पंखावरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "सुषमे, तीनशेला तू त्याला न्हाई, मला इकलंस."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी पाच परत दिल्या असत्या, आमचं तसं होतं. या वाक्यानं मात्र लाज वाटली. शिरूरला न्यायच्या ट्रंकेतून आत्यांनी आपली लुगडी काढली आणि पुन्हा वलणीवर टाकली. निघायला पाच दिवस उरले होते.

दोन दिवसांनी चौफुल्याकडच्या एस्टीतून एक बाई उतरली. अंगानं काटक, डोक्यावर रिकामी पाटी, पायांत पुरुषी चपला. अंगणात आली आणि पाणीही न मागता तिनं विचारलं, "टोचतो त्यो ह्योच का?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. बाहेरगावच्या माणसापासून ही गोष्ट आम्ही लपवतच आलो होतो.

"तुला कुणी सांगितलं?" आत्या म्हणाल्या.

"यवतच्या ढाब्यावर मी कांदं घालती. तिथल्या मालकाच्या पोटरीला पट्टी. इच्चारलं तर म्हणला, न्हावऱ्याला एक कोंबडा हाय, सैतान हाय नुसता. म्हटलं, असलाच पायजे मला."

तिचं नाव नकुशी. भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात, रानातच एकटी राहायची. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नाही. तिचा चुलत दीर रोज सकाळी बांधावरचे दगड वीतभर तिच्या रानात सरकवायचा. दिवसभर बांधाकडं बघत बसायला तिला सवड नव्हती.

"कुत्रं पाळ की," मी म्हटलं.

"पाळलं व्हतं. दिरानं चार दिस भाकरी घातली, आता त्याच्याच दारात झोपतंय. कोंबड्याला लाच चालत न्हाई म्हंत्यात." मग तिनं मुकादमाकडं निरखून बघितलं. "माझ्याकडं आठ कोंबड्या हायेत, त्यास्नी बी कुणी न्हाई. पर आदी खात्री करू द्या."

तेवढ्यात आमचे मालक नाइट करून आले. युनिफॉर्म, पॉलिशचे बूट. नकुशी त्यांना म्हणाली, "दादा, जरा त्या चिंचेपसनं हितपतूर चालत येता का?"

पाहुणी बाई सांगते आहे म्हणून मालक मुकाट्यानं चालत आले. निम्म्या वाटेत मुकादमानं काम केलं.

"झ्याक!" नकुशीनं टाळी वाजवली. "आगं बाय, काय चोच हाय!"

मालक एका पायावर नाचत होते आणि आत्या, दोन दिवस न हसलेल्या आत्या, तोंडाला पदर लावून हलत होत्या. मी तर भिंतच धरली.

मग नकुशी खाली बसली आणि तिनं पदराची गाठ सोडली. "बोला, मुकादमाचं काय घेणार? माझ्याकडं अकरा रुपयं हायेत. बाकीचं कांद्यावर भागवीन."

किंमत लावायची माझी हिंमत उरली नव्हती. मी आत्यांकडं बघितलं.

"काय नगं. तसाच घिऊन जा," आत्या म्हणाल्या.

"फुकट नगं मावशी. दीर म्हणंल, कुणाचा कोंबडा चोरून आणलाय हिनं. आन् फुकटाचं माझ्याकडं टिकत न्हाई. नाव नकुशी, पाचवी पोरगी मी. घरच्यांनी मलाच फुकट देऊन टाकली व्हती."

"आन् पैसं घेतलं की माझा त्याच्यावरचा हात सुटला. मंग मी कोण इच्चारणारी, जित्ता हाय का मेला?"

असा उलटा घोळ मी जन्मात बघितला नव्हता. देणारी पैसे नको म्हणते आणि घेणारी फुकट नको म्हणते. दोघी हट्टाला पेटल्या. अकरा रुपये चारदा इकडून तिकडं गेले. मालक पोटरीला हळद लावत म्हणाले, "अगं, कुणीतरी घ्या ते, मला झोपायचंय!"

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आबांनी तंबाखू थुंकली आणि तोंड उघडलं. "अर्धलीनं द्या."

अर्धल ही मेंढरामागच्या माणसांची जुनी रीत. आपल्याला सांभाळणं होत नसलं की शेळी-मेंढी दुसऱ्याच्या दावणीला द्यायची. चारापाणी त्याचं, जनावर दोघांचं, आणि जे काही पदरात पडेल ते निम्मं-निम्मं. मूळ मालकाला विचारल्याशिवाय विकायचं नाही, कापायचं नाही. मालकानं वाटेल तेव्हा येऊन आपलं जनावर बघायचं, आणि बघायला आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही. हे सगळं आबांनी सांगितलं. वर्षभरात ते एवढं बोलले नव्हते.

"आबा, शेळीला करडं व्हत्यात," मालक म्हणाले. "कोंबड्याचं निम्मं काय घ्यायचं? निम्मी बांग?"

झालं, सगळे हसत सुटलो. मोनिका तर 'कुकू'पर्यंत आरवून मध्येच थांबायला लागली, हा आमचा वाटा म्हणाली. नकुशी मात्र हसली नाही. ती विचार करून म्हणाली, "मला चालंल. निम्मा तुमचा, निम्मा माझा. कापायचा झाला तर तुमचा निम्मा जित्ता ठिवून कापाय लागंल."

आत्यांनी तिच्याकडं बघितलं. "आन् मी बघाया आली तर?"

"च्या ठिवीन. साखर जास्त का कमी, तेवढं सांगून ठिवा."

आबांनी देव्हाऱ्यातून भंडारा आणला. नकुशीनं चिमूट उचलून शब्द दिला, कपाळाला लावली, आणि उरलेली मुकादमाच्या तुऱ्याला लावली. त्यानं तिला टोचलं नाही. पिवळा तुरा घेऊन तो खळ्यात दोन फेऱ्या मारून आला.

एस्टीपर्यंत आम्ही सगळे गेलो. आत्यांनी वाटभर त्याच्या कानात सूचना दिल्या. कंडक्टरनं पाटीतून बाहेर आलेली मान बघितली आणि म्हणाला, "याचं तिकीट?"

"निम्मं घे," आत्या म्हणाल्या. "निम्मा मागं ऱ्हायलाय."

घरी येऊन त्यांनी लुगडी पुन्हा ट्रंकेत भरली. सोमवारी जिना चढल्या, एकेक पायरी मोजत. पंचवीस होत्या.

माडीवर मात्र त्यांचं म्हणणंच खरं ठरलं. कुणी आलं नाही. आत्या गॅलरीत बसायच्या आणि समोरच्या इमारतीच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बघायच्या. आबांना खाली पारावर तंबाखूवाले सापडले, मालकांना कंपनी, मोनिकाला शाळा. आत्या मला दिवसातून चारदा विचारायच्या, "कुणी आलं का गं?" मी भाकरी थापत "न्हाई" म्हणायचे आणि मला स्वतःचाच राग यायचा. त्या माझ्याशी भांडायच्यासुद्धा बंद झाल्या होत्या, तेव्हा तर मी घाबरलेच.

एका गुरुवारी मात्र त्या सकाळीच नवं लुगडं नेसून तयार. "कुठं निघाला?" म्हटलं, तर म्हणाल्या, "माझा अर्धा कोंबडा बघाया." एस्टीनं गेल्या आणि दिवस मावळायला परत आल्या त्या बोलतच जिना चढल्या. दीर म्हणे सकाळी दगडाला हात घालायला वाकला, आणि मुकादम मागून! दोन दिवस तो दीर पालथाच झोपला. दगड सहा वीत मागं गेले होते. "आन् ह्यो बांधावर उभा. मुकादमच की गं, मोजणी करतोय निस्ता!" त्यांनी मला दिराचं ओरडणंही करून दाखवलं. खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघायला लागले.

दर गुरुवारी असं चाललं. पण आठवड्यात बाकीचे सहा दिवसही असतात, आणि ते तसेच गॅलरीत जायचे.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी दारावर थाप पडली. नकुशी उभी होती, डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. आतून चिवचिव येत होती.

"बारा निघाली मावशी. सहा तुमची."

मालक फर्स्ट शिफ्ट करून नुकतेच आले होते, पायांत बूट तसेच. ते ताडकन उठले. "बाई, अर्धल कोंबड्याची झाली व्हती! पिल्लं तुझ्या कोंबड्यांची, त्यांचा आमचा काय संबंध?"

आबा कोपऱ्यातून म्हणाले, "कोंबड्याबिगर झाली का?"

तोवर पाटी कलंडली होती आणि सहा पिल्लं दोन खोल्यांत पसरली होती. एक कपाटाखाली, एक मोनिकाच्या दप्तरात, एक भाकरीच्या टोपल्यात. आत्या, मी आणि नकुशी पदर पसरून मागं, आणि हसून हसून तिघींनाही धड वाकता येईना. सहावं पिल्लू, अंगठ्याएवढं तांबडं, सरळ मालकांच्या बुटाकडं गेलं आणि नाडीला टोचायला लागलं.

"व्हय की गं!" आत्या किंचाळल्या. "बापाचाच!"

"आबा, तुम्हाला ठाऊक व्हतं हे," मालक म्हणाले. "आठ कोंबड्या ऐकल्या तवाच ठाऊक व्हतं."

"बघू," आबा म्हणाले.

मालकांनी फर्मान काढलं की उद्या सकाळी ही पिल्लं इथं दिसता कामा नयेत. इका, नाहीतर फुकट वाटा. किंमत लावायची आणि नाही लावायची, दोन्हींतून मी हात धुतले होते.

सकाळी आत्यांनी पाटी उचलली आणि एकट्याच खाली उतरल्या. दुपारी आल्या त्या रिकामी पाटी घेऊन. मी हातातलं काम टाकून पुढं झाले.

"कुणाला दिली? काय घेतलं?"

त्या जमिनीवर ऐसपैस बसल्या आणि बोटं मोजायला लागल्या. एक मागच्या गोठेवाल्याकडं. एक आपल्या वॉचमनच्या बायकोकडं, ती खोलीमागं वाफा करते. एक पिठाच्या गिरणीत, तिथं सांडलेलं दाणं फुकट. एक सिंधूबाई परटिणीकडं, एक कोपऱ्यावरच्या कुंभाराकडं, आणि ते टोचरं तांबडं बोळातल्या धुरपदाबाईकडं, कारण तिला पँटवाला भाडेकरू छळतो.

"अवं, पर काय ठरलं?"

"काय ठरायचंय? समदी अर्धलीनं."

त्या संध्याकाळी भाकरी झाल्या तरी आत्यांचा पत्ता नाही. मी शोधायला निघाले. गोठेवाला म्हणाला, आत्ताच गेल्या, चहा घेऊन. वॉचमनची बायको म्हणाली, आत्ताच गेल्या. गिरणीत तेच, परटिणीकडं तेच, कुंभाराकडं तेच. मला राग यायला हवा होता, तवा स्टोव्हवर तसाच ठेवून आले होते. पण दर दाराला माझं पाऊल हलकंच होत चाललं, आणि बोळाच्या तोंडाशी पोचले तेव्हा मी स्वतःशीच हसत होते.

धुरपदाबाईच्या अंगणात आत्या मांडी घालून बसल्या होत्या. ओंजळीत ते तांबडं पिल्लू, आणि त्याला सगळं सांगणं चाललेलं. "आमची सुषमी बरी हाय, पर भाकरी लई जाड थापती," हे मला ऐकू आलं. मी दारात आले ते त्यांनी बघितलं होतं, एवढं मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

धुरपदाबाईनं मला बघून चहाच्या आधणात आणखी एक पेला पाणी ओतलं. मी संकोचले. म्हटलं, आम्ही निघतोच, उगीच तुम्हाला कशाला त्रास.

आत्यांनी जरा सरकून मला जागा केली.

"बस की गं," त्या म्हणाल्या. "अर्धं घर आपलंच हाय."